पिस्तुलातला ‘वा’

वामन मेस्त्रींइतका घाबरट माणूस मी दुसरा पाहिला नाही. हे काही मी त्यांची निंदा म्हणून सांगत नाही. कुणी उंच असतं, कुणी बडबडं असतं, तसे मेस्त्री घाबरट होते आणि त्यांनी ते कधी लपवलंही नाही. आमचं वर्कशॉप कुवेतच्या अर्दिया भागात, गोदामांच्या रांगेत होतं. मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत कामं घेणाऱ्या ठेकेदारांना आम्ही पंपांचे सुटे भाग बनवून द्यायचो. ऑफिसात टायपिंग, टेलिफोन आणि मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, मॅनेजरची बोलणी खाणं ही तिन्ही कामं माझ्याकडे होती. माझ्या टेबलासमोर मोठी काच, काचेपलीकडे शॉप, आणि काचेच्या बरोबर समोर मिलिंग मशिनवर मेस्त्री. नवऱ्याचा चेहरा मी जितका पाहिला नसेल तितका त्या वर्षांत मेस्त्रींचा पाहिला.

बारीक अंगकाठी, पांढऱ्या मिशा, आणि खिशावर सारखा जाणारा हात. खिशात सिव्हिल आयडी, म्हणजे इथलं सरकारी ओळखपत्र असायचं. ते हरवलं तर आपण या देशात कुणीच नाही, या विचारानं ते त्यावर दिवसभर थापट्या मारायचे. आंघोळीला जाताना प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नळाला टांगून ठेवायचे, असं त्यांचे जलीब वस्तीतल्या खोलीतले सोबती सांगत. ती खोली सावंतवाडीकडच्या मंडळींनी भरलेली होती. तिथं मेस्त्रींनी कपाटाच्या मागची कॉट मागून घेतली होती. पंख्याचा वारा तिथं पोचायचा नाही, पण खिडकीतून ती कॉट दिसायचीही नाही. फोनवर पलीकडून कुणी बोलायच्या आधीच ते “येस सर” म्हणायचे. एकदा मी घरून आणलेली करंजी द्यायला फोन करून त्यांना ऑफिसात बोलावलं, तर “येस सर, सॉरी सर” म्हणून ठेवूनच दिला.

कुठलीही भानगड कानावर आली की त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. “आपल्याक काय करूचा हा?” शेजारच्या गोदामात धाड पडली, बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, कुणाचं भांडण झालं, मॅनेजरनं कुणाला घालवलं, सगळ्यावर हेच. मला कधीकधी त्यांचा रागच यायचा. माणसानं किती अंग चोरावं! एकदा दारात ट्रकच्या सायलेन्सरचा बार उडाला आणि मेस्त्री मशिनखाली गेले. सगळं शॉप हसलं. मीही हसले. ते बाहेर आले, गुडघे झटकले आणि पुन्हा कामाला लागले.

पुढं त्यांनी एकदा आपणहून सांगितलं. इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरलं तेव्हा ते इथंच होते. मशिनं उचलून न्यायला सैनिक शॉपमध्ये आले होते. त्यातल्या एका पोरगेल्या सैनिकानं मेस्त्रींना भिंतीशी उभं केलं आणि छातीला बंदूक लावली. त्याच्या मनात काही करायचं नसावं. त्याचे सोबती लेथचे नट काढत होते, तेवढा वेळ या माणसावर लक्ष ठेवायचं एवढंच त्याचं काम होतं. “तो माझ्याकडे बघित पण नव्हतो, वयनी,” मेस्त्री म्हणाले. “बिस्कुट खाय होतो. एका हातान बिस्कुट, दुसऱ्या हातान ता.” मग बसनं वाळवंट ओलांडून जॉर्डन, तिथून विमानानं मुंबई, आणि युद्ध संपल्यावर पुन्हा इथंच. का परत आलात, असं मी विचारलं नाही. आम्ही सगळेच ज्यासाठी आलो होतो त्यासाठीच तेही आले होते. त्यानंतर मी त्यांच्या घाबरण्याला हसले नाही.

फक्त एका बाबतीत हा माणूस कुणाला भीत नसे. हातून झालेल्या प्रत्येक कामावर, खालच्या किंवा आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी ते एक बारीक ठसा मारायचे. पोलादाचा पंच त्यांनी स्वतःच घडवला होता, त्यावर अक्षर होतं ‘वा’. त्यांच्या घरात आजोबांपासून ही रीत होती. नांगराचा फाळ असो की दाराची कडी, घराण्यातला माणूस खूण केल्याशिवाय वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात देत नसे. मी म्हटलं, “मेस्त्री, एवढं कशाला? इथं कोण तुमचं नाव वाचणार?”

“काम मोडला तर माणसान कोणाक गाळयो घालूच्यो?” ते म्हणाले. “नाव नको?”

मला वाटलं, बोलण्यापुरतं बोलताहेत. पण एकदा मीना अब्दुल्लाहून एक शाफ्ट तुटून परत आला. ठेकेदाराचा इंजिनिअर शॉपच्या मधोमध उभा राहून ओरडत होता, मॅनेजर त्याच्याहून मोठ्यानं ओरडत होता, आणि शाफ्ट कुणी केला होता हे कुणालाच आठवत नव्हतं. म्हणजे आठवत असलं तरी कुणी सांगत नव्हतं. मेस्त्री मशिन बंद करून आले. तुकडा उचलला, चिंधीनं ग्रीस पुसलं, उलटा करून पाहिला आणि मॅनेजरपुढं धरला. “माय वर्क, सर.” त्यांना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. भरपूर बोलणी खाल्ली, तोच शाफ्ट नव्यानं करून दिला, आणि संध्याकाळी मॅनेजरनं नुसती हाक मारली तर हा माणूस लटपटत ऑफिसात आला.

अमेरिकेनं इराकवर दुसऱ्यांदा चढाई केली त्यानंतरची ही गोष्ट. कुवेतमधून सरहद्दीकडे सामानाच्या गाड्यांचे तांडे जायचे आणि त्यांच्या राखणीच्या धंद्यात पुष्कळ जण शिरले होते. आमच्या कफीलचा, म्हणजे ज्यांच्या नावावर आम्हा सगळ्यांचा व्हिसा होता त्या म्हाताऱ्या मालकांचा पुतण्या त्यांतलाच एक. शॉपमध्ये त्याला ‘छोटा कफील’ म्हणत. देखणा, अत्तर लावणारा, मऊ बोलणारा. कुणावर आवाज चढवलेला मी ऐकला नाही. बोलता बोलता हसायचा, आणि समोरच्याचं हसू थांबलं तरी हा हसतच राहायचा. मला त्याची भीती वाटायची ती त्या हसण्याची. कमरेला पिस्तूल असायचंच. ऑफिसात बसताना टोचायचं म्हणून ते काढून माझ्या टाइपरायटरशेजारी ठेवायचा. ते परत कमरेला जाईपर्यंत माझ्या हातून एक ओळ धड टाइप होत नसे.

एका गुरुवारी दुपारी शॉप सुटलं होतं. मीना अब्दुल्लाहून नवऱ्याची गाडी यायची होती म्हणून मी थांबले होते, आणि मेस्त्री मशिन पुसत होते. छोटा कफील आला तो हातात एक डबी घेऊन. डबीत काचेची इवलीशी खिडकी असलेलं यंत्र होतं. पिस्तुलावर बसवायचं. त्यातून पाहिलं की काचेत तांबडा ठिपका दिसतो आणि तो जिथं टेकेल तिथं गोळी जाते. एक डोळा मिटून नेम धरायला नको, दोन्ही डोळे उघडे ठेवून नुसतं बघायचं. तांड्याबरोबरच्या कुणा अमेरिकनाकडे त्यानं ते पाहिलं होतं. ते बसवायचं तर पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागात, स्लाइडमध्ये, खाच पाडायला हवी होती, आणि ती पाडणारा माणूस त्याच्यासमोर उभा होता.

मेस्त्रींनी दोन्ही हात मागे नेले. “नो सर. पुलीस सर. मैं नहीं सर.”

“सदीक, डरो मत,” छोटा कफील हसत म्हणाला. सदीक म्हणजे दोस्त. हिंदी त्याला चांगली यायची. “छोटा सा काम है. तुम्हारा इकामा किसके पास है? चाचा के पास. चाचा किसकी सुनता है?”

इकामा म्हणजे इथं राहण्याचा परवाना. परदेशी कामगार हत्याराला हात लावताना सापडला तर सरळ तुरुंग, आणि नाही म्हटलं तर इकामा रद्द होऊन घरी. मेस्त्रींनी काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार होते? मी मान खाली घातली. मशिन सुरू झाल्याचा आवाज आला.

काम संपल्यावर छोट्या कफीलनं पिस्तूल जोडलं, गोळ्यांचं मॅगझिन खिशातच असल्याचं दाखवलं, आणि हात लांब करून काचेतून बघत सावकाश स्वतःभोवती वळला. लेथवरून, कॅलेंडरवरून, पंख्यावरून फिरत ते माझ्या खिडकीवर येऊन थांबलं. तो हसत होता. पिस्तूल रिकामं आहे हे मला माहीत होतं, तरी मला खुर्चीतून उठताच येईना. मग त्यानं ते तसंच माझ्या खिडकीकडे रोखलेलं मेस्त्रींच्या हातात दिलं आणि बघायला लावलं. मेस्त्रींनी पाहिलं न पाहिलंसं करून परत केलं.

तो गेल्यावर ते म्हणाले, “वयनी, थंय तुमी होतात. तांबडो ठिपको तुमच्या गळ्यार.”

शनिवारी सकाळी मेस्त्री माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. तोंडावर रंग म्हणून नव्हता.

“घात झालो, वयनी. माझो ठसो पडलो.”

मला आधी कळेचना. मग कळलं तशी मीही गार पडले. स्लाइड शिकंज्यातून सोडवली, उलटी केली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं हात पंचाकडे गेला होता. आतल्या बाजूला ‘वा’. मशिनच्या आवाजात छोट्या कफीलला हातोडीची टिचकी कळलीही नव्हती.

“हातान मारल्यान,” ते स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत म्हणाले. “माका ईचारल्यान पण नाय.”

मी धीर द्यायला हसून म्हटलं, “अहो, आत कोण बघतंय? आणि बघितलं तरी इथल्या पोलिसांना थोडंच मराठी वाचता येतंय?”

“पोलिसाक नाय येवचा. माका येता ना.”

त्या दिवसापासून मेस्त्रींचं जेवण तुटलं. दारात कुठलीही गाडी थांबली की हातातलं काम थांबायचं. वर्तमानपत्र ते कधी वाचत नसत, आता माझ्याकडून वाचून घेऊ लागले. कुठं गोळी चालली का, कोण मेलं का, कुणाच्या पिस्तुलानं. मी “काही नाही” म्हणायचे, तरी ते थोडा वेळ उभे राहायचे. मला आधी वाटलं होतं की त्यांना पकडले जाण्याची भीती आहे. ती होतीच. पण एकदा ते म्हणाले, “उद्या तेच्यान कोण मेलो, तर ता काम कोणाचा?” खरं सांगायचं तर त्यानंतर मलाही झोप लागेनाशी झाली.

मग व्हर्गीसचं ते झालं. व्हर्गीस आमचा पिकअपचा ड्रायव्हर, केरळचा, संसारी माणूस. भर सकाळी तो दारात खोकी भरत होता. छोटा कफील दोघा दोस्तांना घेऊन आला होता आणि नवी काच त्यांना दाखवत होता. व्हर्गीस दोन्ही हातांत खोकं घेऊन वळला तर समोर पिस्तूल. त्याला खोकं टाकता येईना, हात वर करता येईनात. तो तसाच उभा राहिला. छोटा कफील पिस्तूल बारीक हलवत दोस्तांना अरबीत सांगत होता, आता कपाळावर, आता छातीवर. दोस्त हसत होते. व्हर्गीसची पँट ओली झाली तेव्हा ते जास्तच हसले. मग “मज़ाक, मज़ाक” म्हणून त्याच्या पाठीवर थाप मारून तिघं निघून गेले.

शॉपमधलं प्रत्येक मशिन बंद पडलं होतं. मेस्त्री व्हर्गीसजवळ गेले, त्याच्या हातातलं खोकं काढून घेतलं आणि त्याला पाण्याच्या कूलरशी बसवलं. काहीतरी विचारलं. नंतर मला येऊन सांगितलं, मॅगझिन आत होतं. व्हर्गीसनं ते घालताना पाहिलं होतं.

“वयनी, तेका फोन करा. सांगा, स्क्रू ढिले जातले, एकदा आवळूक व्हये.”

“आणलं की ठसा घासून टाका मेस्त्री, आणि मोकळे व्हा,” मी म्हटलं. त्यांनी नुसती मान हलवली. मी छोट्या कफीलला फोन केला. माझा आवाज कापला असावा, कारण त्यानं मला बरं नाही का म्हणून विचारलं.

तो आला तेव्हा शॉप भरलेलं होतं. त्यानं पिस्तुलाची स्लाइड काढून काचेसकट बेंचवर ठेवली, खालचा भाग पुन्हा कमरेला खोचला आणि काकांच्या केबिनमध्ये चहाला गेला. मेस्त्रींनी बारीक कानस आधीच काढून ठेवली होती. मी काचेतून बघत होते. मनात म्हणत होते, लवकर करा, लवकर करा. त्यांनी स्लाइड दिव्याखाली उलटी धरली. ठसा दिसला असावा. कानस उचलली, टेकवली, आणि तिथंच थांबले. व्हर्गीस दारात उभा होता. मेस्त्री त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कानस खाली ठेवली आणि स्लाइड घेऊन ते कोपऱ्यातल्या हायड्रॉलिक प्रेसकडे चालू लागले.

मी उठून ऑफिसच्या काचेला हात लावला. त्यांनी ती वस्तू प्रेसखाली ठेवली आणि तिचा दांडा वरखाली मारायला सुरुवात केली. पिस्तुलावरची काच फुटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. त्यानंतर पोलाद वाकल्याचा कर्रर आवाज आला. लेथवाला मागे सरकला. मेस्त्री दांडा मारतच होते, आता आणखी दाबायला काही उरलं नव्हतं तरी.

मग ती वाकडी वस्तू त्यांनी परत आणून बेंचवर जिथं होती तिथं ठेवली आणि शेजारी उभे राहिले. पळाले नाहीत. इतके थरथरत होते की मला ते काचेतूनही दिसत होतं.

छोटा कफील हसत बाहेर आला. बेंचवर पाहिलं. कधी नव्हे ते त्याचं हसू थांबलं.

“किसने किया?”

मेस्त्रींनी स्लाइड उचलली, उलटी केली आणि आतल्या ‘वा’वर बोट ठेवलं. “ये मेरा नाम. मेरा काम. मैंने वापस लिया.” आवाज इतका बारीक होता की मी तो ऐकण्याऐवजी ओठांवरून वाचला.

छोट्या कफीलचा हात कमरेशी गेला. तिथं पिस्तुलाचा फक्त खालचा भाग होता, बाकीचं मेस्त्रींच्या हातात. हे त्याला कळलं आणि आम्हालाही कळलं. शॉपमधलं कुणी हललं नाही. मग त्यानं मेस्त्रींच्या थोबाडीत मारली. ते पडले, उठले, पुन्हा मारली. केबिनचं दार उघडून म्हातारे कफील बाहेर आले नसते तर तो थांबला नसता. त्यांनी वाकडी स्लाइड पाहिली, पुतण्याकडे पाहिलं, आणि अरबीत त्याला एवढंच सांगितलं की घरी जा. तो गेला. मग त्यांनी मॅनेजरला केबिनमध्ये बोलावलं.

दुपारच्या आत मॅनेजर माझ्याकडे आला आणि मेस्त्रींचा व्हिसा रद्द करायचे कागद टाइप करायला सांगितले. मी भांडायला तोंड उघडलं तर म्हणाला, “मॅडम, लवकर करा. तो पुन्हा यायच्या आत या माणसाला विमानात बसवायचं आहे. म्हाताऱ्यानं स्वतः तिकीट काढायला सांगितलंय.” तेव्हा मला कळलं, ही शिक्षा होती आणि वाचवणंही होतं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते दुसऱ्या दिवशी शॉपच्या दारात. व्हर्गीसनं त्यांची बॅग स्वतः उचलून पिकअपमध्ये ठेवली होती. मेस्त्री पुढच्या सीटवर बसले होते, गाल सुजलेला, बाहेर कडक ऊन आणि यांचे दात वाजत होते. सीटबेल्टची कडी काही केल्या त्यांच्या हातून बसेना. मी खिडकीतून वाकून ती लावून दिली. हात त्यांच्या छातीला लागला. काळीज असं धडधडत होतं की मी दचकले.

“इतकं भ्यायला होतं तर केलंत कशाला, मेस्त्री?” मी विचारलं. मला रडू येत होतं, म्हणून ते जरा रागानंच विचारलं गेलं.

त्यांना प्रश्नाचं नवल वाटलं.

“भय वाटला म्हणानच केलंय, वयनी,” ते म्हणाले. “तो व्हर्गीस खोका घेवन उभो होतो. तेका काय वाटला असात, ता हयसर माझ्याशिवाय कोणाक ठावक होता?”

व्हर्गीसला यातलं स्वतःचं नाव तेवढं कळलं. त्यानं गाडी सुरू केली आणि “जायचं, चेट्टा?” असं अर्धं मराठी, अर्धं मल्याळम विचारलं; चेट्टा म्हणजे थोरला भाऊ. मेस्त्रींनी मान हलवली. रस्ता मोकळा होता, तरी व्हर्गीसनं पिकअप अगदी सावकाश, एक धक्का न बसू देता, बाहेर काढली.